आधी मीटरचा आकडा सांगा

सकाळी ६.१०

चहाच्या आधी मीटर बघायचं, ही माझी सवय. गाडीत पुढच्या कप्प्यात एक लांबट डायरी असते. तिच्यात तारीख, मीटरचा आकडा, कुठून कुठे आणि कशासाठी, एवढंच लिहायचं. शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५. आकडा ८४,३१६. घरात या डायरीची भरपूर टिंगल होते. सासूबाई तर गणपतीच्या देवळात सोडायला सांगताना मुद्दाम विचारतात, "हे कशात लिहिशील गं?" खासगीत लिहिते. देवाला धंद्यात धरायची सोय आयकर कायद्यात नाही.

सांगलीत करसल्लागार म्हणून एकोणीस वर्षं काढली. लोक पावत्या आणतात, मीटर कुणीच आणत नाही. कलम ३८ साधं आहे: गाडी धंद्यासाठी आणि घरासाठी अशी दोन्हीकडे फिरत असेल, तर विमा, दुरुस्ती आणि घसारा धंद्याच्या वाट्यापुरताच मिळतो; पेट्रोलचंही तेच. तो वाटा किती, हे फक्त अशी डायरीच सांगू शकते. ती नसते म्हणून बहुतेक जण खर्चाचा पाचवा हिस्सा खासगीचा समजून आपणहून सोडून देतात. हा पाचवा हिस्सा कुठल्याही कलमात लिहिलेला नाही, पण रूढी म्हणून पक्का बसलाय.

रिटर्न भरायची मुदत सोमवारी संपतेय. एरवी ३१ जुलै असते, यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळाली. वाढीव दीड महिना सगळ्यांनी वाट बघण्यात घालवला.

सकाळी ७.२५

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांचा फोन. सौद्यांना निघण्याआधी ते मला गाठतात.

"ताई, गाडी आता बुक करू का थांबू?"

"अण्णा, पितृपंधरवडा चालू आहे. तुम्ही तसेही थांबणारच होतात."

ते हसले. यंदा पितरांनी आणि जीएसटी परिषदेने मिळून शोरूम ओस पाडली आहेत. ३ तारखेला परिषदेने दर बदलले आणि नवे दर लागू होणार २२ सप्टेंबरला, म्हणजे नेमके घटस्थापनेला. चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के अधिक १ टक्का उपकर यावरून १८ टक्क्यांवर येणार. अण्णांच्या मनातली गाडी बाराची अकराच्या आसपास येईल. मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के, आणि बॅटरीवरच्या गाडीला पूर्वीप्रमाणेच ५.

"मग दसऱ्याला घेऊ का पाडव्याला? पाडव्याला मुलगा घरी असतो."

या प्रश्नाचं उत्तर देताना मला दरवेळी कॅलेंडर काढावं लागतं, आणि यंदा ते फारच मजेशीर निघालं. गाडी घेतल्याच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी घसारा अर्धाच. ३१ मार्चपासून उलटे मोजत गेलं की १८० वा दिवस येतो ३ ऑक्टोबरला. दसरा २ ऑक्टोबरला. दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला. म्हणजे सीमोल्लंघनाला रस्त्यावर आलेल्या गाडीला पूर्ण १५ टक्के, पाडव्याला आलेल्या गाडीला साडेसात. अकरा लाखांवर हा फरक ८२,५०० रुपयांचा, आणि अण्णांच्या तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून २५,७४० रुपयांचा कर.

"बुडाले का मग ते?"

"बुडाले नाहीत. उरलेली किंमत पुढच्या वर्षी जास्त राहते, त्यावर मिळतात. फक्त उशिरा."

"मग पाडव्यालाच घेऊ," अण्णा म्हणाले. मुलाचं घरी असणं त्यांनी पंचवीस हजारांहून मोठं धरलं. मला ते आवडलं. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं का, हेही त्यांनी विचारलंच. टॅक्सी चालवणाऱ्याला, मोटार ट्रेनिंग स्कूलला आणि गाड्या विकणाऱ्याला मिळतं, हळदीच्या अडत्याला नाही. मात्र क्रेडिट मिळत नाही म्हणून तो कर गाडीच्या किमतीतच राहतो आणि त्यावर घसारा बसतो. आणि हो, पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या म्हटलं. दहा हजारांवर रोख दिली की तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किमतीतून बाद होते.

सकाळी १०.१५

विश्रामबागच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा पोरगा पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसला होता. एका बांधकाम ठेकेदाराच्या, वर्षाच्या. बेरीज चार लाख ऐंशी हजार.

"मॅडम, सगळ्या जुळतात."

"काय जुळतं?"

"बेरीज."

बेरीज जुळणारच, बेरजेसाठीच तर त्या आणलेल्या असतात. मी त्याला दुसरा हिशोब करायला लावला. लिटरला १०४ रुपये धर. झाले सुमारे ४,६०० लिटर. या मॉडेलचं ॲव्हरेज अठरा धर. किती किलोमीटर? त्याने कॅल्क्युलेटर दाबला आणि वर बघितलं. ८३ हजार. मग गॅरेजची सर्व्हिसिंगची बिलं काढली. त्यांच्यावर मीटरचे आकडे असतात, हे लोक विसरतात. पहिल्या बिलापासून शेवटच्या बिलापर्यंत अकरा महिन्यांत गाडी चालली होती तेरा हजार.

या धंद्यात मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते ॲव्हरेज. पावती पंपावर मागून मिळते, शिक्का मारून मिळतो, पेन बदलून हस्ताक्षरही बदलता येतं. (या गठ्ठ्यात तेवढीही तसदी घेतलेली नव्हती, जूनपासून मार्चपर्यंत एकच निळं पेन आणि एकच डावीकडे झुकलेलं अक्षर.) पण लिटर आणि किलोमीटर यांच्यातलं नातं कुणाला बदलता येत नाही. गाडी जितकी कमी पिणारी, तितकं खोटं लवकर उघडं पडतं.

ठेकेदारसाहेबांना फोन लावला.

"मॅडम, मग गाडी जास्त पिते असं लिहा की."

"अठराच्या जागी तीनचं ॲव्हरेज? तुमची गाडी आहे की रोड रोलर?"

पंचाहत्तर हजारांवर तोडगा निघाला, म्हणजे खऱ्या किलोमीटरवर. तोडगा म्हणणंही चूकच. खरं तेच निघालं.

दुपारी १२.००

मिरजेचे एक डॉक्टर. ओपीडी आटोपून आले, त्यामुळे घाईत. गेल्या वर्षी त्यांनी अठरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली. कुणीतरी सांगितलं होतं की चाळीस टक्के घसारा मिळतो. हे खरंच आहे. घसाऱ्याच्या दरांच्या तक्त्यात अपारंपरिक ऊर्जेच्या उपकरणांची एक यादी आहे. तिच्यात सौरचूल आहे, बायोगॅस संयंत्र आहे, पवनचक्की आहे, आणि त्याच पंगतीत बॅटरीवर चालणारी वाहनं बसवलेली आहेत. ढालगावच्या पठारावरची पवनचक्की आणि डॉक्टरांची गाडी ही कायद्याच्या लेखी भावंडं. पेट्रोलच्या गाडीला १५, या गाडीला ४०. डॉक्टरांनी मोबाइलवर गुणाकारही करून आणला होता: सात लाख वीस हजार.

मी विचारलं, "रिटर्न कसं भरतो आपण तुमचं?"

ते कलम ४४एडीए मध्ये येतात. वर्षाची फी बेचाळीस लाख, त्यातले निम्मे म्हणजे एकवीस लाख उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायच्या नाहीत, प्रश्न मिटला. उरलेल्या निम्म्यात भाडं, नर्सचा पगार, वीज, गाडी, घसारा सगळं आलं. वेगळं काही मागता येत नाही.

"म्हणजे गाडीचं काहीच नाही?"

"त्या एकवीस लाखांच्या खर्चात ती गाडी आधीच बसलेली आहे. तुम्ही घेतली नसती तरी बसलेली होती."

ते बराच वेळ गप्प होते. मग वह्या ठेवून प्रत्यक्ष खर्च दाखवूया म्हणाले. तेही मांडून दाखवलं. गाडी सोडून त्यांचा खरा खर्च नऊ लाख. घसारा सात लाख वीस हजार, कर्जाचं व्याज एक लाख वीस हजार, चार्जिंग तीस हजार. सगळं मिळून सतरा लाख सत्तर हजार, आणि तेही गाडी एकदाही महाबळेश्वरला गेली नाही असं गृहीत धरून. कायदा न विचारता एकवीस लाख देतोय. मी एवढंच म्हटलं की गाडी चांगली आहे, शांत आहे, पेशंटच्या झोपेला बरी. कर वाचवायला मात्र ती घ्यायला नको होती.

गाडी घेण्याआधी सल्ला विचारणारा अशील मला वर्षाला एखादा भेटतो. बाकीचे गाडी आणून विचारतात.

दुपारी १.३०

डबा उघडला तेवढ्यात कवठेमहांकाळकडचे एक शिक्षक आले. त्यांनाही बसवलं, भाकरी दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटरसाठी कर्ज घेतलं होतं. कलम ८०ईईबी खाली अशा कर्जाचं व्याज वर्षाला दीड लाखापर्यंत वजा होतं. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं हवं. मास्तरांची तारीख बरोबर बसत होती, जुनी करप्रणालीही होती, स्कूटरही शुद्ध बॅटरीची. हायब्रिडला हे कलम दार उघडत नाही. सगळं जुळत आलं आणि मंजुरीच्या कागदावर नाव निघालं शिक्षकांच्या पतपेढीचं. कायद्याला बँक हवी, नाहीतर ठरावीक प्रकारची वित्त कंपनी. पतपेढी त्या व्याख्येत येत नाही.

"पण व्याज तर मी भरतोयच ना?" मास्तर म्हणाले.

भरतायत. माझ्याकडे याला उत्तर नाही.

दुपारी ३.००

तासगावचे टेम्पोवाले मामा आले की ऑफिसात बेदाण्याचा वास येतो. हंगामात द्राक्षं, नंतर बेदाणा, अधेमधे मिळेल तो माल. पुणे, वाशी, कधी हैदराबाद. दोन टेम्पो आहेत, दोन्ही बारा टनांच्या आतले. त्यांचं रिटर्न हे माझं वर्षातलं सगळ्यात छोटं काम आणि सगळ्यात लांब गप्पा.

मालवाहू गाड्यांसाठी कलम ४४एई आहे. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसल्या, तर बारा टनांपर्यंतच्या गाडीमागे महिना साडेसात हजार उत्पन्न धरायचं. त्याहून जड गाडी असेल, तर टनामागे महिना हजार. मामांचे दोन टेम्पो, बारा महिने: एक लाख ऐंशी हजार. कर शून्य.

"मॅडम, डिझेल कुठं धरलं न्हाई तुम्ही?"

दरवर्षी हाच प्रश्न. डिझेलच्या पावत्या ते पिशवीत नीट रबर लावून आणतात आणि मी त्या उघडतही नाही, याचं त्यांना वाईट वाटतं.

"मामा, डिझेल, टायर, ड्रायव्हर, टोल, घसारा सगळं सोडून साडेसात हजार उरतात, असं सरकारने आधीच ठरवलंय."

"आणि आमचं जास्त उरलं तर?"

"तुमचं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आठवड्याला टायरची हवा बघतो. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, साठच्या वर काटा न्यायचा नाही. परतीचा माल ठरल्याशिवाय वाशीतून हलायचं नाही. थांबला की इंजिन बंद. लिटरला साडेसात देत होता तो टेम्पो आता नऊ देतो. मी कागद ओढून हिशोब केला. वर्षाला साठ हजार किलोमीटर धरले, तर साडेसातच्या ॲव्हरेजला आठ हजार लिटर, नऊच्या ॲव्हरेजला ६,६६७. तेराशेच्या वर लिटर वाचले, एका टेम्पोत. नव्वदचा भाव धरला तर एक लाख वीस हजार रुपये. करात त्याची कुठेच नोंद नाही.

इथे मला दर वर्षी तीच गोष्ट नव्याने कळते. ठेकेदार, अडत्या, आम्ही सल्लागार, सगळे खर्च मोजत बसतो, कारण आमची वजावट खर्चावर आहे. आमच्यापैकी कुणी गाडीचं ॲव्हरेज सुधारून शंभर रुपये वाचवले, तर खर्च शंभराने घटतो, उत्पन्न शंभराने वाढतं आणि एकतीस रुपये कराला जातात. तरी एकोणसत्तर खिशात उरतात, हे कुणी बघत नाही. एकतीस गेले एवढंच दिसतं. आणि त्यापायी काही जण एकतीस वाचवायला शंभर जाळायला तयार असतात. मामांचं उत्पन्न ठरलेलं, त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक लिटरचे पूर्ण पैसे त्यांचे.

कमी पिणाऱ्या गाडीला आयकरात बक्षीस आहे का, असं लोक विचारतात. नाही. आयकराला लिटरमागे किलोमीटर कळतच नाहीत. जीएसटीला गाडीची लांबी कळते, सीसी कळतात, इंधनाचा प्रकार कळतो. ॲव्हरेजची सक्ती आहे ती गाड्या बनवणाऱ्यांवर. २०१७ पासून प्रत्येक कंपनीच्या विकल्या गेलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनाला केंद्राने मर्यादा घातली, ती २०२२ मध्ये आणखी कडक झाली. विकत घेणाऱ्याने पंचवीसची घेतली काय आणि बाराची घेतली काय, चार मीटर आणि १,२०० सीसीच्या आत असल्या की कर एकच. मला हे चुकीचं वाटतं.

मामा जाताना पावत्यांची पिशवी परत घेऊन गेले. "ठेवतो, काय सांगावं." ठेवाच म्हटलं.

संध्याकाळी ५.१०

औषध कंपनीचा प्रतिनिधी, पगारदार. स्वतःच्या गाडीने जतपासून इस्लामपूरपर्यंत फिरतो. पगारदाराला स्वतःच्या खिशातून टाकलेल्या पेट्रोलची वजावट नाही. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट, संपलं. पण कंपनी खर्च भरून देत असेल, तर प्रश्न वेगळा. गाडी घर आणि काम दोन्हीकडे वापरली जात असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० आणि ड्रायव्हर असेल तर ९०० एवढं करमुक्त, वरचं पगारात. लॉगबुक असेल आणि कंपनीने दाखला दिला, तर कामाचा खर्च कितीही असो, पूर्ण सुटतो. तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च. मी माझी डायरी त्याच्यापुढे ठेवली. त्याने तिचा फोटो काढला.

संध्याकाळी ६.४०

कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात ऑडिटचे कागद बघायला. मालकांना मोठी गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची आहे. घसारा मिळेल, खरंय. पण कंपनीच्या नावावर घेतली की आरटीओत एकरकमी कर थेट २० टक्के. स्वतःच्या नावावर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२. शिवाय घरची फेरी झाली की ती त्यांच्या पगारात सुविधा म्हणून धरली जाणार. दोन्ही बाजू कागदावर लिहून दिल्या. ते म्हणाले, एमएच-१० ची नंबरप्लेट लागेल ना दोन्हीकडे? लागेल.

रात्री ८.१५

भाचा डॅलसहून. तिथे सकाळचे पावणेदहा. तो स्वतःचा सल्लागार व्यवसाय करतो, बायको नोकरीत. त्याला कामाच्या प्रवासासाठी मैलाला ७० सेंट हा २०२५ चा ठरीव दर घेता येतो. दहा हजार मैल कामाचे झाले, तर सात हजार डॉलर वजा. गाडी गॅलनला वीस मैल देवो की पन्नास, सात हजारच. त्याची हायब्रिड पन्नास देते.

"आत्या, म्हणजे चांगलं ॲव्हरेज हे माझं बोनसच की."

तासगावच्या मामांचं गणित डॅलसमध्ये बसून हा करत होता. बायकोला यातलं काही नाही. तिथेही नोकरदाराला अशी वजावट २०१८ पासून बंद आहे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर मिळणारी साडेसात हजार डॉलरपर्यंतची केंद्रीय सवलत ३० सप्टेंबरनंतर घेतलेल्या गाडीला मिळणार नाही, म्हणून तिथे शोरूमवर झुंबड आहे म्हणाला. इकडे २२ तारखेची वाट बघत शोरूम रिकामी, तिकडे ३० तारखेच्या धास्तीने भरलेली.

"मैलांची वही ठेवतोस का?"

"ॲपमध्ये आहे."

"अर्ध्या वर्षाची एकदम भरतोस ना?"

तो काही बोलला नाही.

रात्री १०.२०

मीटर ८४,३७१. दिवसाचे ५५ किलोमीटर, त्यातले ८ देऊळ आणि भाजी. डायरीत लिहिलं. टेबलावर उद्याच्या सात फायली, शनिवारी सुट्टी नाही.

सकाळी ठेकेदारसाहेबांच्या गठ्ठ्यात खऱ्या पावत्याही होत्या, मशीनमधून निघालेल्या. त्यातल्या एप्रिल-मेच्या पूर्ण कोऱ्या झाल्या होत्या, उन्हात उभ्या गाडीत ठेवल्याने. तो कागद उष्णतेवर छापला जातो आणि उन्हाने पुसला जातो. म्हणून पंपावर पावती घेतलीत की तिच्यावर गाडीचा नंबर आणि मीटरचा आकडा लिहा, आणि महिनाअखेरीला सगळ्यांची एका कागदावर झेरॉक्स काढून ठेवा.